जेल पाणी धरतं, पण खत?

गेल्या मे महिन्यात मामांनी मला सांगोल्याला बोलावून घेतलं ते एक बादली दाखवायला. डाळिंबाची नवी लागवड करायची होती. जमीन मुरमाड, पाण्याची मारामार. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी हायड्रोजेलचं, म्हणजे पाणी पिऊन फुगणाऱ्या दाण्यांचं, एक किलोचं पाकीट आणलं होतं आणि त्यातलं थोडं बादलीत भिजत घातलं होतं.

"सकाळी सहाला टाकलंय बघ," मामा म्हणाले. "पाकिटावर लिवलंय साडेतीनशे पट फुगतं. हितं तर भिजलेल्या साबुदाण्याच्या म्होरं काय जाईना. फसवलं का रं मला?"

मी बादलीत हात घातला. बोटांना लहान, घट्ट, काचेसारखे खडे लागले. बादलीच्या आतल्या कडेवर पांढरी रेघ होती. क्षारांची. याच बोअरच्या पाण्यामुळे त्यांच्या ठिबकचे ड्रिपर चोंदतात आणि दर हंगामाला ॲसिड सोडून नळ्या धुवाव्या लागतात.

घरात इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर होतं. स्टीलच्या एका पेल्यात ते ओतलं, दुसऱ्यात बोअरचं पाणी, आणि दोन्हीत चिमूट-चिमूट जेल टाकलं. दुपारच्या चहापर्यंत बॅटरीच्या पाण्याचा पेला काठोकाठ भरून आला होता. उपडा केला तरी थेंब पडेना. बोअरच्या पेल्यात तळाशी बोटभर थर. मामा खूश झाले, पण मला पुढची गंमत दाखवायची होती. शेडमध्ये ठिबकमधून सोडायचं तेरा-शून्य-पंचेचाळीस, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटचं खत, पडलं होतं. त्याचा एक चमचा त्या काठोकाठ भरलेल्या पेल्यात टाकून ढवळला. बघता बघता घट्ट जेलचं ताक झालं. खाली आक्रसलेले दाणे, वर सुटलेलं पाणी.

"म्हंजी खत घातलं की पाणी सोडतंय?" मामांनी विचारलं. 

'खत आणि पाणी दोन्ही धरून ठेवणारं, नंतर मातीत विरघळून जाणारं जेल' अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. प्रयोगशाळांत या विषयावर खरोखरच भरपूर काम चालू आहे. पण मामांच्या त्या एका प्रश्नातच सगळी अडचण आहे. पाणी धरणं हे एक काम, खत धरणं दुसरं, आणि ही दोन कामं एकमेकांच्या पायात पाय घालतात.

आधी हे फुगणं समजून घेऊ. हायड्रोजेल म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचं जाळं. या साखळ्यांना पाण्याची ओढ असते, पण त्या ठिकठिकाणी एकमेकींशी गाठींनी बांधलेल्या असतात. गाठी नसत्या तर साखळ्या पाण्यात विरघळून गेल्या असत्या. गाठी फार झाल्या तर फुगायला जागा उरत नाही. आपल्या घरात असे पदार्थ आहेतच. सब्जा पाण्यात टाकला की प्रत्येक बीभोवती जो बुळबुळीत पारदर्शक गोळा तयार होतो, तो जेलच. चायना ग्रासची जेली, भिजवलेले जवस, कोरफडीचा गर, ही सगळी याच कुळातली मंडळी.

पण सब्जा काही शेकडो पट फुगत नाही. शेतीच्या जेलला ते जमतं त्याचं कारण त्याच्या साखळ्यांना चिकटलेले विद्युतभार. साखळीवर जागोजागी ऋणभाराचे गट बसलेले असतात आणि प्रत्येकाशेजारी एक सोडियमचा धनभारित आयन. इथे लोणच्याची आठवण काढावी. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की तासाभरात भांड्याच्या तळाशी पाणी साठतं, कारण जिकडे मीठ जास्त तिकडे पाणी धावतं. जेलमध्ये हे मीठ आत कोंडलेलं असतं. साखळीचा ऋणभार सोडियमला सोडत नाही, म्हणून ते बाहेर पळू शकत नाही. मग पाणीच आत येतं, जाळं ताणलं जाईल तितकं ताणतं, आणि गाठींनी 'आता बस' म्हटलं की थांबतं.

बाहेरचं पाणीही खारट असेल तर ही ओढच उरत नाही. शिवाय कठीण पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आणखी एक खोडी करतात. त्यांच्यावर दोन-दोन धनभार असतात, त्यामुळे एक आयन दोन साखळ्यांना एकदम पकडतो आणि जाळ्याला नवी गाठ बसते. अशी गाठ मारलेलं जेल नंतर पावसाच्या पाण्यात टाकलं तरी पूर्वीसारखं खुलत नाही. मामांना कुणी फसवलं नव्हतं. पाकिटावरचा आकडा खरा होता, फक्त तो शुद्ध पाण्यातला होता. सांगोल्याच्या बोअरला तो कुणी विचारला नव्हता.

हे पदार्थ शेतात आले कुठून? 1960 मध्ये प्रागच्या ओटो विख्टरले आणि द्राहोस्लाव लिम यांनी पाणी धरणाऱ्या, शरीराला न बोचणाऱ्या जेलवर निबंध लिहिला. त्यातून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आल्या. 1970 च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्चवर कृत्रिम साखळ्या कलम करून प्रचंड पाणी शोषणारा पदार्थ तयार झाला. त्याचं नाव 'सुपर स्लर्पर'. पुढे याच जातीच्या पदार्थांनी बाळांचे डायपर भरले. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सेल्युलोजवर आधारलेलं 'पुसा हायड्रोजेल' तयार केलं. वजनाच्या किमान 350 पट पाणी आणि 40 ते 50 अंश तापमानातही चांगलं काम, हे त्याचं वैशिष्ट्य. शेतातल्या पिकांसाठी शिफारस हेक्टरी अडीच ते पाच किलो.

आता खताकडे. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 46 टक्के नत्र, म्हणजे 20 किलो 700 ग्रॅम. युरिया ओल्या मातीत पडला की मातीतलं युरिएज नावाचं विकर त्याचा चटकन अमोनियम करतं. उन्हाळ्यातल्या गरम मातीत यातलं बरंचसं काही दिवसांतच उरकतं. आपल्या काळ्या जमिनी विम्लधर्मी, त्यामुळे वरवर टाकलेल्या युरियातला काही भाग अमोनिया होऊन थेट हवेत जातो. फोकून टाकल्यावर नाकाला झोंबणारा वास येतो तो हाच. उरलेल्या अमोनियमचं जिवाणू नायट्रेट करतात. नायट्रेट पाण्याबरोबर खाली उतरतं, विहिरीत जातं. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नको असं भारतीय मानक सांगतं. शेतात पाणी साचलं तर दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याच नायट्रेटचा नायट्रस ऑक्साइड करून सोडतात, आणि तो वायू हवामान तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट भारी. सगळं वजा जाता जगभरात धान्यपिकांना घातलेल्या नत्रातला ढोबळ एक तृतीयांशच दाण्यात पोचतो.

पीक नत्र घेतं ते स्वतःच्या वेळापत्रकाने. रोप लहान असताना थोडं, वाढीच्या भरात भरपूर, पुढे पुन्हा कमी. आपण मात्र एकदम ताट वाढतो आणि म्हणतो जेव. म्हणून हप्ते पाडून देणं, ठिबकमधून रोज थोडं सोडणं हे उपाय आले. सरकारने 2015 पासून सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा केला, कारण त्याने अमोनियमचं नायट्रेट होणं जरा लांबतं. 2023 मध्ये गंधकाचा लेप असलेला 'युरिया गोल्ड' आला. हायड्रोजेल याच मालिकेतली पुढची कल्पना. खताला जाळ्यात बसवायचं आणि जाळ्याला सांगायचं की हळूहळू सोड.

सांगायचं खरं, पण जाळं ऐकतं का?

जेलमध्ये खत भरायच्या तीन वाटा आहेत आणि तिन्ही स्वयंपाकघरातल्याच. पहिली गुलाबजामची: तयार कोरडं जेल खताच्या द्रावणात टाकायचं, ते पाकासकट फुगतं, मग वाळवायचं. दुसरी शिऱ्याची: जेल बनत असतानाच त्यात खत घालायचं, म्हणजे जाळं खताभोवतीच विणलं जातं. तिसरी मोदकाची: आत खताचा दाणा, बाहेर जेलचं आवरण.

गुलाबजाम सगळ्यात सोपा आणि सगळ्यात फसवा. पोटॅशियम किंवा अमोनियमच्या क्षारांचं द्रावण असेल तर जेल फारसं फुगत नाही. मामांच्या पेल्यात जे झालं ते इथे उलट्या बाजूने होतं. पाक घट्ट केला की गुलाबजाम आत ओढून घेत नाही, पातळ केला तर गोडी कमी. युरियाचं तसं नाही. त्याच्यावर भार नसतो, त्यामुळे तो जेलला आक्रसवत नाही आणि हवा तितका आत शिरतो. पण जो कुणाशी भांडत नाही तो कुणाला धरूनही राहत नाही. युरियाचा रेणू अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास, आणि फुगलेल्या जाळ्याची भोकं त्याच्या कितीतरी पट मोठी. मासे धरायच्या पागातून मोहरी निसटावी तसा तो निसटतो. जेल पाण्यात पडलं की पहिल्या काही तासांतच भरलेल्या युरियातला मोठा हिस्सा बाहेर. नियंत्रित म्हणायचं कशाला, उघड्या नळाला फडकं बांधल्यासारखं ते.

भारित खतांचं नातं वेगळं. अमोनियम धनभारित, म्हणून ऋणभाराच्या साखळ्या त्याला बऱ्यापैकी पकडून ठेवतात. नायट्रेट आणि फॉस्फेट ऋणभारित, त्यांना त्याच साखळ्या उलट ढकलतात. कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांपासून काढलेलं कायटोसान याच्या बरोबर उलटं वागतं. आम्लधर्मी परिस्थितीत त्याच्या साखळीवर धनभार येतो आणि ते फॉस्फेट-नायट्रेटला धरतं. म्हणजे 'खत धरणारं जेल' असं एकच काही नसतं. कोणतं खत आणि कोणतं जेल, ही पत्रिका जुळवावी लागते. 'एनपीके (नत्र, स्फुरद, पालाश) सगळं एकाच जेलमध्ये' असा दावा दिसला की मी तरी भुवया उंचावतो.

मग हे निसटणं थांबवायचं कसं? एक उपाय मला फार आवडतो, कारण तो आपल्या पायाखालचा आहे. जेल बनवताना त्यात चिकणमाती मिसळतात, बहुतेकदा बेंटोनाइट. त्यातलं मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट, म्हणजे आपली काळी कापसाची जमीन ज्या गुणाने पावसात फुगते आणि उन्हाळ्यात पाय अडकावा इतकी फाटते, तो गुण देणाऱ्या कुळातलंच. पत्त्यांच्या कॅटसारखे त्याचे पातळ थर असतात. जेलमध्ये ते विखुरले की बाहेर निघालेल्या रेणूला सरळ रस्ता मिळत नाही, वळसे घालत जावं लागतं, आणि अमोनियम तर थरांवरच चिकटून बसतं. यातूनच दुसरी गोष्टही उघड होते: भारी काळ्या जमिनीत पाणी धरायला वेगळं जेल विकत घेण्याची निकड फारशी नसते. ती जमीन हे काम हजारो वर्षं फुकट करते आहे. जेलची गरज मुरमाड, वाळूसर, हलक्या रानाला.

दुसरा उपाय मोदकाचा, पण दोन पदरी. आतल्या दाण्याला पाणी सहज न झिरपणारा पातळ लेप, त्यावर जेलचा जाड थर. बाहेरचा थर ओल धरतो, आतला लेप खताला रोखतो. दोन कामं दोन पदरांना वाटून दिली की भांडण मिटतं. खर्च वाढतो, तो भाग वेगळा.

'नियंत्रित' हा शब्द कोणालाही वापरू द्यायचा का? युरोपच्या मानक समितीने हळू सुटणाऱ्या खतासाठी घातलेली अट सोपी आहे. 25 अंश तापमानाला पहिल्या 24 तासांत 15 टक्क्यांहून जास्त पोषणद्रव्य सुटता कामा नये, 28 दिवसांत 75 टक्क्यांहून जास्त नाही, आणि कंपनीने सांगितलेल्या मुदतीत किमान 75 टक्के सुटलंच पाहिजे. शेवटची अट लोक विसरतात. पीक काढल्यावर मातीत उरलेलं खत शेतकऱ्याच्या काय कामाचं? आणि 25 अंश म्हणजे आपल्याकडची जानेवारीतली माती. मे महिन्यात सोलापूरकडे जमिनीचा वरचा थर किती तापतो ते अनवाणी चाललेल्याला विचारावं. उष्णता वाढली की रेणूंची पळापळ वाढते आणि तीन महिन्यांचं म्हणून विकलेलं खत त्याआधीच रिकामं होतं.

आता तो लाडका शब्द: जैवविघटनशील.

याची गरज कुठून आली ते आधी. लेप दिलेली खतं जगात दशकानुदशकं वापरात आहेत, आणि त्यातले बरेच लेप प्लास्टिकचे. खत निघून जातं, रिकामं टरफल मातीत राहतं. जपानमध्ये भातखाचरांना अशी खतं मोठ्या प्रमाणावर घातली गेली आणि मोहरीएवढी रिकामी टरफलं खाचरांतून ओढ्यांत, तिथून समुद्रकिनाऱ्यांवर जाऊन पडू लागली. युरोपीय संघाने 2023 मध्ये मुद्दाम मिसळलेल्या सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध आणले, त्यात खतांचे लेपही आले, मात्र त्यांना बदलायला काही वर्षांची मुदत दिली. त्यामुळे कुजणाऱ्या आवरणाचा शोध आता हौसेपुरता राहिलेला नाही.

कुजणं म्हणजे काय, तर जिवाणू-बुरशींनी साखळी कापून खाणं. सेल्युलोज, स्टार्च, गवारीच्या बियांतला गवार गम, समुद्री शेवाळातलं अल्जिनेट, या सगळ्या साखरेच्या कड्यांच्या साखळ्या. त्या कापायच्या कात्र्या मातीतल्या जिवांकडे पूर्वापार आहेत, नाहीतर आजवर पडलेला पाचोळा तसाच साचून राहिला असता. डायपरमधल्या पॉलिअॅक्रिलेटचा कणा मात्र कार्बनला कार्बन जोडलेला. त्याच्यासाठी मातीत कात्रीच जवळजवळ नाही. ऊन, नांगरट, रसायनं यांनी तो तुटतो, पण फार सावकाश. पॉलिअॅक्रिलामाइडच्या जेलबाबत आणखी एक पथ्य: साखळी स्वतः विषारी नसली तरी ती ज्यापासून बनते ते सुटं ॲक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक आहे, म्हणून मालात ते किती उरलंय हे तपासावं लागतं.

मेख अशी की बाजारातली आणि शोधनिबंधांतलीही बरीचशी 'नैसर्गिक' जेलं कलमी असतात. खोड स्टार्चचं किंवा सेल्युलोजचं, फांद्या पॉलिअॅक्रिलेटच्या. खोडाने नाव मिळवायचं, फांद्यांनी पाणी प्यायचं. मातीतले जिवाणू खोड खातात आणि फांद्यांचे तुकडे तिथेच राहतात. जेल दिसेनासं होतं हे खरं. पण दिसेनासं होणं आणि कुजणं यात फरक आहे. खरी कसोटी म्हणजे त्यातल्या कार्बनपैकी किती भाग कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडला ते मोजणं. मातीत कुजणाऱ्या आच्छादन-फिल्मसाठी युरोपात दोन वर्षांत 90 टक्के अशी अट आहे. जेलच्या पाकिटावर 'जैवविघटनशील' लिहिलेलं असेल तर मला दोनच गोष्टी कळायला हव्यात: कणा कशाचा आहे, आणि तो किती दिवसांत किती टक्के कुजला. बहुतेक पाकिटांवर पहिलीही नसते.

पूर्ण नैसर्गिक जेल बनवता येत नाही असं नाही. अल्जिनेटचं तर घरीही करून पाहता येतं. सोडियम अल्जिनेटची पूड पाण्यात घुसळून पातळ खिरीसारखं द्रावण करायचं आणि ड्रॉपरने त्याचे थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडायचे. थेंब पाण्याला लागतो न लागतो तोच त्याचा मोती होतो. मघाशी मामांच्या बादलीत ज्या कॅल्शियमने घात केला, तेच इथे गाठी मारून जाळं विणतं. खिरीत आधी युरिया घातलेला असेल तर मोत्यात युरिया. दिसायला इतकं सुरेख की वाटतं, झालं, प्रश्न सुटला. पण मोती पाण्यात असतानाच युरिया निसटायला लागतो, तो आपला जुना रोग. फॉस्फेट भरायला जावं तर ते कॅल्शियमलाच ओढून घेतं आणि मोत्याच्या गाठी सोडवून टाकतं. म्हणजे डीएपीसारखं फॉस्फेटचं खत आणि अल्जिनेटचा मोती यांचा संसार टिकणं अवघड. शिवाय नैसर्गिक साखळ्यांची जेलं कलमी जेलांइतकी फुगत नाहीत, ओली असताना लवकर मोडतात, आणि जिवाणूंना इतकी आवडतात की पीक फुलावर यायच्या आत फस्त होऊ शकतात. सेल्युलोजच्या साखळ्या लिंबातल्या सायट्रिक आम्लाने एकमेकींना बांधून, विषारी जोडरसायन न वापरता टिकाऊपणा वाढवण्याचे प्रयत्न चालू आहेत. मला सगळ्यात आशा तिथे वाटते. पण कुजण्याचा वेग पिकाच्या मुदतीशी जुळवणं हे शिंप्याने मापाचा सदरा शिवण्यासारखं काम आहे. कांद्याचा सदरा चार महिन्यांचा, उसाचा बारा-अठरा महिन्यांचा.

मामांबरोबर चहा घेता घेता आम्ही वहीच्या पाठीमागे एक हिशोब मांडला. तो इथे देतो, कारण जेलच्या जाहिरातींत तो कधी सापडत नाही.

एकरी दोन किलो जेल, साडेतीनशे पट फुगलं, म्हणजे 700 लिटर पाणी. ऐकायला भरपूर. पण एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी होतं चार हजार लिटरच्या आसपास. म्हणजे पूर्ण फुगलेलं जेल एका मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याइतकंही पाणी धरत नाही. तेही शुद्ध पाण्यात, आणि वरून मातीचं ओझं नसताना. मातीखाली दबलेलं जेल आणखी कमी फुगतं. ते वरचेवर भरतं आणि रिकामं होतं हे धरलं तरी 'शेतात पाण्याची टाकी' ही उपमा काही जमत नाही.

खताचंही तसंच. कांद्याला एकरी 40 किलो नत्र धरलं तर युरिया 87 किलो. समजा जेलमध्ये त्याच्या वजनाच्या निम्मा युरिया बसतो. सगळा युरिया जेलमधून द्यायचा तर जेल लागेल 174 किलो. आपण टाकतोय दोन. त्या दोन किलोत मावणार एक किलो युरिया, 87 पैकी. आणि भाव बघा. अनुदानामुळे युरिया किलोला सहा रुपयांच्या आत-बाहेर पडतो, जेल किलोमागे शेकडो रुपये. इतकं स्वस्त खत वाचवण्यासाठी इतकं महाग आवरण कोण घेईल? युरियाची खरी किंमत शेतकऱ्याच्या बिलात दिसत नाही, ती अनुदानात, विहिरीच्या पाण्यात आणि हवेत वाटली जाते. तोवर हे गणित शेतात सुटणार नाही, प्रयोगशाळेत कितीही छान सुटलं तरी.

"मग परत करू का पाकीट?" मामांनी वही मिटली.

मी नको म्हणालो. हाच हिशोब एकराऐवजी खड्ड्याचा केला की चित्र पालटतं. एकरात डाळिंबाची साधारण तीनशे रोपं. दोन किलो जेल म्हणजे रोपामागे साडेसहा ग्रॅम. बऱ्या पाण्यात ते शंभर पट जरी फुगलं तरी अर्ध्या लिटरच्या पुढे ओल, आणि तीही थेट मुळांच्या गोळ्याला चिकटून. नुकत्या लावलेल्या रोपाला, ज्याची मुळं अजून वीतभरसुद्धा पसरलेली नाहीत, ते अर्धा लिटर म्हणजे लाइट गेलेल्या दिवशीचा आधार. एकरभर विखुरलं तर नगण्य, मुळाशी ठेवलं तर मोलाचं. पेरणीच्या ओळीत बियाणाशेजारी जेल टाकायला सांगतात त्यामागेही हेच.

खत भरलेल्या जेलचा पहिला जम बसेल तर तो अशाच ठिकाणी, असा माझा अंदाज आहे. रोपवाटिकेच्या ट्रेमध्ये, कलमांच्या पिशव्यांत, कुंड्यांत. आणि खतांतही युरियापेक्षा जस्त, लोह, बोरॉनसारख्या सूक्ष्म अन्नद्रव्यांत, जी एकरी किलोच्या हिशोबात लागतात आणि आपल्या चुनखडीच्या जमिनीत पडली की लगेच अडकून बसतात. जस्त आणि लोहाचे आयन धनभारित, ऋणभाराच्या साखळ्यांशी त्यांचं जमतं. तिथे जेलचा भावही जाचत नाही. उसाला, कांद्याला गोणीने नत्र द्यायचं तर आजच्या घडीला ठिबकमधून थोडं थोडं सोडण्याइतकं नियंत्रित दुसरं काही नाही, आणि त्याला कुजायचीही गरज नाही.

मामांनी मग पावसाळ्यापर्यंत थांबून पत्र्यावरून पडलेलं पन्हाळीचं पाणी पिंपात साठवलं आणि जेल त्यात भिजवून खड्ड्यांत घातलं. खत त्याच्यात मिसळलं नाही, महिनाभराने वेगळं, बुंध्यापासून लांब रिंगण करून दिलं. बादलीतला तो पहिला साबुदाणा मामीने मोगऱ्याच्या कुंडीत ओतला होता. मोगऱ्याला त्याचं काही झालेलं दिसत नाही, ना चांगलं ना वाईट. कुंडीची माती वरून उकरली की अजून एखादा काचेसारखा खडा बोटाला लागतो. पाकिटावर 'मातीत पूर्ण विरघळते' असं लिहिलेलं आहे. मी मामीला सांगून ठेवलंय, दर महिन्याला उकरून बघायचं आणि उरलेत का ते फोनवर कळवायचं.